हातपाय काडीचे, पोट मात्र पुढे

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका तालुक्याच्या गावी विज्ञान-गणित शिक्षकांच्या शिबिराला गेलो होतो. विषय होता मोजमापे. प्रत्येकाने आपले वजन किलोग्रॅममध्ये घ्यायचे, मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने त्याला भागायचे आणि उत्तर फळ्यावर लिहायचे, असा पहिला उपक्रम. गणिताच्या एका सरांची उंची १७० सेंटिमीटर, वजन ६५ किलो. उत्तर आले २२.५. तक्त्याप्रमाणे अगदी योग्य. सरांचे मात्र समाधान झाले नाही. शर्टाच्या खालच्या दोन ताणलेल्या बटणांकडे बोट दाखवून ते म्हणाले, "सर, मग हे काय आहे?"

सगळे हसले. मला हसू आले नाही. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. अंगाने किडकिडीत, पोट तेवढे पुढे. वयाप्रमाणे सुटायचेच, असे घरात सगळे म्हणत. पायाची जखम दोन महिने भरेना तेव्हा कोणीतरी रक्तातील साखर तपासली आणि मधुमेह कळला. त्याआधी तपासण्याचे कोणालाच सुचले नव्हते, कारण मधुमेह जाड माणसांना होतो अशीच आमची समजूत होती.

सरांचा प्रश्न विनोदी नव्हता. त्याचे उत्तर मिळायला विज्ञानाला शंभराहून अधिक वर्षे लागली.

फळ्यावरचे ते सूत्र वैद्यकातून आलेलेच नाही. ते दिले अॅडॉल्फ केटले या बेल्जियन खगोलशास्त्रज्ञाने, १८३०च्या दशकात. 'सरासरी माणूस' कसा असतो हे त्याला आकड्यांतून शोधायचे होते. प्रौढांचे वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असे त्याला दिसले. कोण लठ्ठ आणि कोण रोगी, हा त्याचा प्रश्नच नव्हता. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेतील अॅन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच देशांतील सात हजारांहून अधिक पुरुषांची मापे तपासून या गुणोत्तराला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिले. त्यात स्त्रिया नव्हत्या आणि भारतीयही नव्हते. सूत्र सोपे, काट्याला आणि पट्टीला खर्च नाही, म्हणून ते जगभर पसरले. पण काट्याला हाड, स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही. चरबी कुठे साठली आहे, हे तर मुळीच कळत नाही.

'कुठे' हा प्रश्न नेमकेपणाने विचारला तो फ्रान्समधील मार्सेच्या झाँ व्हाग या डॉक्टरांनी, १९४७ मध्ये. मांड्या-नितंबांवर चरबी साठणारे आणि शरीराच्या वरच्या भागात साठणारे असे दोन प्रकार त्यांनी केले. मधुमेह आणि हृदयविकार दुसऱ्या प्रकाराच्या मागे लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यांच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. साधने जुजबी, मापन किचकट आणि लेख फ्रेंचमध्ये, अशी कारणे असावीत. पण मला वाटते, वजनकाट्याची सवय हेही एक कारण होते.

१९८४ मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्गहून उत्तर आले. तेथे ५४ वर्षांच्या ७९२ पुरुषांची मापे घेऊन त्यांच्यावर १३ वर्षे लक्ष ठेवले होते. नुसत्या बॉडी मास इंडेक्सवरून हृदयविकार किंवा पक्षाघाताचा अंदाज बांधता येईना. कंबरेचा घेर भागिले नितंबांचा घेर, या साध्या गुणोत्तरावरून मात्र तो बांधता आला. त्याच सुमारास, १९८३ मध्ये, जपानमधील संशोधकांनी सीटी स्कॅनने बेंबीच्या पातळीवर पोटाचा आडवा छेद पाहून चरबीचे दोन भाग मोजण्याची पद्धत दिली. एक त्वचेखालची, चिमटीत धरता येते ती. दुसरी पोटाच्या स्नायूंच्या आत, आतड्यांभोवती असते. तिला चिमटीत धरता येत नाही. वरून पोट टणक लागते, पण आत ती असू शकते.

ही आतली चरबी जास्त त्रासदायक का? तिच्यातील बऱ्याच भागाचे रक्त प्रतिहारी शिरेतून थेट यकृतात जाते. या पेशींतून सुटलेली मेदाम्ले यकृतावर येऊन पडतात, आणि यकृत इन्शुलिनला नीट दाद देईनासे होते, असे एक स्पष्टीकरण आहे. त्यावर वाद आहेत. त्वचेखाली जागा अपुरी पडली की उरलेली चरबी आत आणि यकृतात जाते, असे मानणारेही आहेत. आतली चरबी आणि मधुमेह बरोबर आढळतात, याबद्दल मात्र वाद नाही.

आता आपल्याकडे येऊ. लंडनच्या पश्चिम भागात साऊथॉल येथे दक्षिण आशियातून गेलेल्यांची मोठी वस्ती आहे. तिथल्या लोकांत युरोपीयांच्या तुलनेत कंबर-नितंब गुणोत्तर आणि मधुमेह दोन्ही जास्त असल्याचे १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. या कोड्याचा सर्वांत बोलका पुरावा मात्र पुण्यातून आला. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच शेजारी-शेजारी उभे असलेले छायाचित्र छापले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३. क्ष-किरणांनी चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के! एक मॅरेथॉन धावणारे, तर दुसऱ्यांचा मुख्य व्यायाम म्हणजे सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी ते गाठणे, हेही त्यांनी मिश्किलपणे नोंदवले. म्हणजे सवयींचा वाटा आहेच.

पण सगळा वाटा सवयींचा नाही. १९९३ पासून याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा अभ्यास केला. गरोदरपणापूर्वी या मातांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो. त्यांच्या बाळांचे वजन सरासरी २.७ किलो भरले, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे जवळजवळ प्रत्येक मापात लहान होती. स्नायू कमी, पोटातील अवयवही लहान. खांद्याच्या पात्याखालच्या त्वचेची घडी मात्र फारशी कमी नव्हती. थोडक्यात, बाळ रोड, पण चरबी राखून ठेवलेले. तिशी-चाळिशीत सुटणाऱ्या पोटाची सुरुवात काही अंशी इतकी मागे असू शकते.

येथे एक सावधगिरी. काडीसारखे हातपाय आणि मोठे पोट असलेले लहान मूल वर्गात दिसले, तर वरचे काही त्याला लागू करू नका. ते बहुधा कुपोषण किंवा जंत असतात. त्याला आरोग्य केंद्रात पाठवायचे असते. मोठ्यांमध्येही वाढलेले पोट म्हणजे नेहमी चरबीच असेल असे नाही. बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू मधोमध विलग राहतात, वायू धरतो, कधी पाणी साठते. पोट अचानक वाढले तर डॉक्टरच गाठावा.

सरांचा दुसरा प्रश्न तयारच होता. पाठीवर निजून रोज शंभर वेळा उठले तर? हाही प्रश्न जुनाच. १९७१ मध्ये टेनिस खेळाडूंचे दोन्ही हात मोजून पाहिले. खेळणारा हात जाड होता, पण त्यावरील त्वचेखालची चरबी दुसऱ्या हाताइतकीच होती. १९८४ मध्ये तेरा पुरुषांना २७ दिवसांत एकूण ५,००४ उठाबशा, अर्थात पाठीवर निजून, करायला लावल्या आणि पोट, पाठ व नितंब येथील मेदपेशी सुईने काढून मोजल्या. तिन्ही जागी त्या सारख्याच आक्रसल्या होत्या. पोटाला वेगळी सवलत मिळाली नव्हती. अलीकडे एखाद्या छोट्या अभ्यासाने वेगळा सूर लावला आहे, पण मला तो अजून पटलेला नाही. स्नायू काम करतो तेव्हा इंधन रक्तातून घेतो आणि ते साऱ्या अंगातून येते.

आणि सडपातळ माणसाने वजन घटवायचे तरी किती? उपास करून तो स्नायूच घालवून बसेल. येथे २००० साली कॅनडातून प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. काही पुरुषांनी तीन महिने रोज व्यायाम केला, पण वजन उतरणार नाही इतके खाल्लेही. वजन तेच राहिले, आतली चरबी मात्र घटली. ते पुरुष लठ्ठ होते, हे खरे. तरीही काटा हललाच नाही म्हणून निराश होणाऱ्यांना हे सांगण्याजोगे आहे. भरभर चालणे आणि आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना जोर पडेल असे काम, जेवणात भाताचा एक वाढा कमी आणि डाळ-उसळ जास्त, अशी त्याची वाट आहे.

जेवणापूर्वी आम्ही शिंप्याची टेप काढली. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता मोजायचे. भारतीयांसाठी मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर. सरांची कंबर ९६ भरली. त्यांनी स्वतःच खडू घेऊन २२.५ च्या शेजारी ९६ लिहिले.

दिवाळीनंतर त्यांचे पत्र आले. उपाशीपोटी साखर ११८ निघाली होती, मधुमेहाच्या उंबरठ्यावरची. आता शाळेपर्यंतचे तीन किलोमीटर ते चालत जातात. वजन ६४, कंबर ९३. खाली ताजा कलम होता: टेप शाळेतच ठेवली आहे, बाकीचे शिक्षकही मागून नेतात.