चाकाच्या पोटातला दिवा

जानेवारीच्या मध्यावर कामोठ्यात सूर्य उगवायला सव्वासात वाजतात. इथली सायकल त्याच्या कितीतरी आधी रस्त्यावर आलेली असते. पेपर टाकणारी मुलं, हँडलला पिशव्या अडकवलेले दूधवाले, रात्रपाळी उरकून परतणारे वॉचमन, मानसरोवर स्टेशन गाठणारे नोकरदार. आणि शनिवार-रविवारी हेल्मेट चढवून कर्नाळ्याच्या दिशेने निघालेले हौशी. या शेवटच्या मंडळींच्या सायकलींवर डोळे दिपवणारे दिवे असतात. बाकीच्यांच्या सायकलींवर बहुधा काहीच नसतं. रस्त्यावर खांब आहेत, पण खड्डा आणि झोपलेला कुत्रा यांना दोन खांबांच्या मधलीच जागा आवडते.

सायकलच्या दिव्याचं घराणं शोधत मागे गेलं तर पहिला मुक्काम चाकाच्या मधल्या तुंब्यापाशी, म्हणजे हबपाशीच पडतो. 1880 च्या सुमारास बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकासने ‘किंग ऑफ द रोड’ नावाचा तेलाचा दिवा विकायला काढला. तेव्हाच्या सायकलला पुढे प्रचंड मोठं चाक असे. दिवा टांगायचा तो त्या चाकाच्या आत, आऱ्यांच्या मधोमध, हबला. भोवती चाक गरगरायचं आणि दिवा आपला लोंबकळत उजेड द्यायचा. पुढे चाकं लहान झाली तसा दिवा बाहेर येऊन हँडलपाशी बसला. रॉकेल झालं, मग कार्बाइड आलं. कार्बाइडच्या खड्यांवर पाणी थेंबथेंब सोडायचं, त्यातून निघणारा ॲसिटिलीन वायू पेटवायचा. उजेड पांढराशुभ्र, वास मात्र नाकातून जाता जात नाही असा.

आपल्याकडच्या जुन्या सायकलस्वारांच्या आठवणीत दोन गुन्हे कायमचे आहेत: डबलसीट आणि बिनदिव्याची सायकल. सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या पुण्यात तर चौकात पोलीस दिसला की उतरून सायकल हातात धरून चालायचं, हा सर्वमान्य उपाय होता. या भीतीवर औषध म्हणून घरोघर आला तो बाटलीच्या आकाराचा डायनामो. खटका दाबला की त्याचा खाचांचा रोलर टायरच्या कडेला टेकायचा, घूंऽऽ असा आवाज सुरू व्हायचा आणि पायडल जड व्हायचं. पावसात रोलर घसरायचा, टायरची कड खायचा. सायकल थांबली की अंधार.

या सगळ्या कटकटींवरचा उतारा 1936 मध्येच निघाला होता. नॉटिंगहॅमची स्टर्मी-आर्चर ही कंपनी म्हणजे रॅले सायकलवाल्यांचंच गिअरचं घर. तिथल्या जॉर्ज विल्यम रॉलिंग्ज यांनी डायनामो थेट पुढच्या हबमध्ये बसवला आणि त्याचं नाव पडलं डायनोहब. अडचण एकच होती, वेगाची. चाकाच्या एका फेरीत बाटलीचा रोलर पंचवीस-तीस गिरक्या घेतो. हब मात्र चाकाबरोबर एकदाच फिरतं. ताशी 15 किलोमीटरला सेकंदाला जेमतेम दोनदा. एवढ्या संथ फिरण्यातून वीज काढायची, तर चुंबकाचे ध्रुव वाढवायला हवेत. म्हणून डायनोहबच्या चुंबकाच्या कड्यावर 20 ध्रुव होते. तारेची गुंडाळी आसावर स्थिर आणि कडं तिच्याभोवती फिरतं. टायरशी घर्षण नाही, आवाज नाही. डायनोहब आधी 12 व्होल्टचा होता, मग 8 चा, आणि शेवटी 6 व्होल्टवर स्थिरावला. त्यातून जेमतेम 2 वॅट मिळायचे. दुरुस्तीवाल्याला एक पथ्य मात्र कडक पाळावं लागे. चुंबक गुंडाळीवरून नुसता ओढून काढायचा नाही. काढतानाच त्यात लोखंडी कडं सरकवायचं. नाहीतर चुंबकाचा जोर तिथल्या तिथे उतरायचा.

रॅले सायकलला आपल्याकडे केवढा मान! स्वातंत्र्यानंतर आसनसोलला सेन-रॅलेचा कारखानाही उभा राहिला. पण डायनोहब इथे रुजला नाही. बाटलीनेच राज्य केलं. खुद्द इंग्लंडमध्येही 1984 मध्ये त्याचं उत्पादन थांबलं.

वंश टिकला तो जर्मनीत, आणि त्याचं श्रेय तिथल्या कायद्याला. सायकलला 6 व्होल्ट, 3 वॅटचा डायनामो हवाच, असा तिथला दंडक होता. बॅटरीच्या दिव्यांना सरसकट मोकळीक मिळाली ती 2013 मध्ये. अशा बाजारात 1990 च्या दशकात ट्यूबिंगेनच्या विल्फ्रीड श्मिट यांनी 26 ध्रुवांचा नवा हब डायनामो आणला. मग जपानच्या शिमानोनेही आपले हब काढले. त्यावर एलईडी आले आणि त्याच 3 वॅटमध्ये रस्ता उजळू लागला. दिव्यात छोटा कपॅसिटर असल्याने सिग्नलला थांबलं तरी उजेड काही मिनिटं राहतो. जर्मन नियमाच्या दिव्याचा झोत वरून सरळ कापलेला असतो, त्यामुळे समोरच्याचे डोळे दिपत नाहीत. सायन-पनवेल महामार्गावर पहाटे भेटणाऱ्या काही हौशींनी एवढं तरी शिकून घ्यावं.

आज आपल्याकडे हब डायनामो दिसतो तो ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, करणाऱ्यांच्या सायकलींवर. 600 किलोमीटर 40 तासांत पुरे करायचे म्हटल्यावर एक अख्खी रात्र तरी रस्त्यावर जाते आणि पुढे-मागे दिवा नसेल तर आयोजक सोडतच नाहीत. पायांना पाच-सहा वॅट जास्त मोजावे लागतात. चार्जिंगची चिंता मात्र मिटते.

माझं मत विचाराल तर आठवड्यातून एकदा कर्नाळ्याला जाणाऱ्याला हा खर्च परवडला तरी गरजेचा नाही. चार्जिंगचा दिवा पुरे. खरी गरज आहे ती रोज अंधारात निघणाऱ्या पेपरवाल्याला आणि वॉचमनला. त्यांच्या सायकलला असा दिवा हवा, जो चार्ज करायला विसरता येत नाही आणि सहज काढून नेताही येत नाही. पण आयात केलेला चांगला हब घेऊन चाक नव्याने विणून घ्यायचं, तर त्या पैशात त्यांची अख्खी सायकल येते. लुधियानातल्या सायकल कारखानदारांनी साध्या काळ्या सायकलला बसेल असा स्वस्त, दणकट हब डायनामो करून बघावा. मूळ कल्पना नव्वद वर्षं जुनी आहे, तिला आता कोणाचं पेटंट आडवं येणार नाही.