सहा महिन्यांचा पत्ता

१९८४ साली ॲमस्टरडॅममध्ये जुन्या सुया घेऊन नव्या देण्याची व्यवस्था सुरू झाली, ती एड्सच्या भीतीने, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः निमित्त काविळीचे होते. शहराच्या मध्यवस्तीतील एका औषधविक्रेत्याने सुईने नशा करणाऱ्यांना सिरिंज विकणे थांबवले. आता त्याच सुया हातोहात फिरणार आणि ‘हिपॅटायटिस बी’ पसरणार, हे ‘जंकीबॉन्ड’ या व्यसनी मंडळींच्याच संघटनेने ओळखले आणि काम हाती घेतले.

या काविळीवरची लस तेव्हा तयार होती. मॉरिस हिलमन यांच्या लसीला अमेरिकेत १९८१ साली परवानगी मिळाली होती. ती विषाणू बाळगणाऱ्या माणसांच्याच रक्तद्रवापासून काढलेली. १९८२ च्या तिथल्या शिफारशीत सुईने नशा करणाऱ्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. पण लस पोचली ती मुख्यतः डॉक्टर-परिचारिकांपर्यंत. अखेर १९९१ साली केवळ जोखमीच्या गटांवरची भिस्त सोडून सर्व अर्भकांना लस देण्याचे ठरले. अर्भकांचे भले झाले. रस्त्यावरचा प्रौढ होता तिथेच राहिला.

आमच्या मते खरी मेख वेळापत्रकात आहे. आज एक मात्रा, महिन्याने दुसरी, सहाव्या महिन्यात तिसरी. म्हणजे सहा महिने टिकणारा पत्ता हवा, आणि दारातच न हिडिसफिडिस करणारा दवाखाना. (आपल्याकडे ‘गर्दुल्ला’ म्हटले की पुढची चौकशीच संपते.) इंग्लंडने २००१ पासून तुरुंगांत ही लस देण्यास आरंभ केला, तीही पहिल्या, सातव्या व एकविसाव्या दिवशी. माणूस कोंडलेला असतानाच सापडतो, ही त्यातली न बोललेली कबुली.

२०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये इंग्लंडमधील १२ व्यसनोपचार केंद्रांतला प्रयोग प्रसिद्ध झाला. नुसते बोलावले तेव्हा ९ टक्के लोकांनी मात्रा पूर्ण केल्या. एकूण ३० पौंडांची खरेदी-कुपने दिली तेव्हा सुमारे ४५ टक्क्यांनी. व्यसनी माणसाला पैसे कसले, असा आक्षेप येणारच. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेसाठी रोख रक्कम देणाऱ्या आपल्या देशाने तो घेऊ नये.

भारतात बालकांच्या कार्यक्रमात ही लस देशभर आली २०११ साली. मणिपुरात वा पंजाबात आज सुई टोचून घेणारे बहुतेक जण त्याच्या कितीतरी आधी जन्मलेले आहेत.