हँड गिअर

मागच्या महिन्यात स्टाफरूममध्ये गाड्यांचा विषय निघाला. आमच्या शाळेतले एक तरुण सर पहिली गाडी घेत आहेत आणि ती गिअरची घ्यावी की ऑटोमॅटिक, यावर प्रत्येकाचं मत घेणं चाललं होतं. मी म्हणाले, "मी आयुष्यात पहिला गिअर टाकला तो स्टीअरिंगखालच्या दांडीने." सरांनी अगदी सहज विचारलं, "मॅडम, बजाज चेतक का?"

सगळे हसले, मीही हसले. त्यांची काही चूक नाही. त्यांना कळायला लागलं तेव्हा रस्त्यावरच्या सगळ्या गाड्यांचे गिअर खाली, दोन सीटच्या मध्ये आले होते. पण घरी आल्यावर वाटलं, लिहून ठेवावं. नाहीतर ज्याला आमच्याकडे सगळे 'हँड गिअर' म्हणायचे ती गोष्ट काय होती, हे दहा वर्षांनी सांगूनही कोणाला पटणार नाही.

आमचे मामू मुंबईत टॅक्सी चालवायचे. १९७२ पासून दुसऱ्याच्या गाडीवर, आणि १९८५ मध्ये त्यांनी स्वतःची जुनी पद्मिनी घेतली, १९८२ सालची. पाच-सहा दिवस मुंबईत, मग गुरुवारी रात्री उशिरा भिवंडीला निजामपुऱ्यात घरी. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर गाडी धुतली जायची आणि मग आम्हा मुलांची फेरी निघायची. कधी पडघ्यापर्यंत, कधी वज्रेश्वरीच्या रस्त्याने. पुढची सीट अखंड होती, सोफ्यासारखी. मामू, त्यांच्या शेजारी मी, खिडकीशी माझा मोठा भाऊ. मधल्या जागेसाठी भांडणं व्हायची आणि बहुतेक वेळा मी जिंकायचे. कारण मधली जागा म्हणजे गिअरची जागा.

स्टीअरिंगच्या डाव्या बाजूला, चाकाच्या जरा खाली, एक बारीक दांडी बाहेर आलेली असे, टोकाला गोल मूठ. दांडी आपल्याकडे ओढून वर केली की पहिला, तशीच ओढलेली खाली केली की दुसरा. ढिली सोडून वर केली की तिसरा आणि खाली आणली की चौथा. बस्स. मामू म्हणायचे, "क्लच माझा, गिअर तुझा. मी 'हं' म्हटल्याशिवाय हात लावायचा नाही." ते 'हं' म्हणायचे आणि मी दुसरा टाकायचे. आठ-नऊ वर्षांची असेन. एक गाडी दोन माणसांनी चालवणं मला तेव्हा अजिबात विचित्र वाटत नव्हतं.

पुढची सीट अखंड राहावी, हेच या दांडीचं खरं कारण. ही मूळची अमेरिकेतली कल्पना. १९३० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या कंपन्यांनी गिअरचा दांडा जमिनीवरून काढून स्टीअरिंगच्या खांबावर चढवला. पुढे तिघांना पाय मोकळे सोडून बसता यावं, एवढाच हेतू. दोन-तीन वर्षांत जवळजवळ सगळ्या अमेरिकन गाड्या तशा झाल्या, आणि महायुद्धानंतर युरोपनेही ती तऱ्हा उचलली. १९५३ मध्ये इटलीत फियाटने नवी ११०० काढली, तिलाही हँड गिअरच होता.

ती ११०० आपल्याकडे कशी आली, त्यात आपल्या मुलखाचं नाव आहे. सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी जहाजं, साखर, विमानं असं जमेल तिथे हात घातला होता. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडू लागल्या. सुरुवातीला अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीच्या, मग फियाटच्या. ११०० आली १९५४ मध्ये, तिची सुधारलेली ११००-डी १९६४ मध्ये. फियाटबरोबरचा करार संपल्यावर १९७४ पासून तीच गाडी 'प्रीमियर पद्मिनी' झाली. चितोडच्या राणीचं नाव. ही राणी घराघरात पोचवली ती जायसच्या मलिक मुहंमद या सूफी कवीने, १५४० च्या सुमारास, अवधीत 'पद्मावत' लिहून. आमच्या शेजारचे मोमीन विणकर त्याच अवध-पूर्वांचलाकडून आलेले, त्यामुळे गाडीचं नाव कोणी काढलं की त्यांच्यातले एक म्हातारे चाचा हमखास राणीची गोष्ट सुरू करायचे आणि गाडी बाजूला राहायची.

नाव बदललं, गाडी तीच राहिली. इटलीत ११०० चं उत्पादन १९६९ मध्ये बंद झालं. कुर्ल्यात ती पुढे आणखी तीस वर्षं, शतक संपेपर्यंत बनत राहिली. तेच १०८९ सीसीचं इंजिन, तेच चार गिअर. याला लोक आता प्रेमाने 'टिकाऊपणा' म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. परदेशी गाडी आणणं जवळपास बंद, किती गाड्या बनवायच्या ते सरकार ठरवणार, बाजारात मोजून तीन कंपन्या आणि नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहणारं गिऱ्हाईक. मग बदलायचं कशासाठी? डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली, खाली गिअर असलेली, आणि लोकांना पहिल्यांदा कळलं की गाडी अशीही असू शकते. कुर्ल्यानेही शेवटच्या काळात खाली गिअर असलेलं एक मॉडेल काढलं, पण तोवर उशीर झाला होता.

हँड गिअरची अडचण त्याच्या रचनेतच होती. खाली असलेला गिअरचा दांडा थेट गिअरबॉक्समध्ये उतरतो. हँड गिअरला ती सोय नाही. दांडी स्टीअरिंगजवळ आणि गिअरबॉक्स पायाखाली, म्हणून स्टीअरिंगच्या खांबालगत एक सळई खाली जाते, तिथून सांधे, पुन्हा सळ्या, पुन्हा सांधे, आणि मग गिअरबॉक्स. प्रत्येक सांध्यात बुश. बुश झिजले की दांडी सैल होते, मग प्रत्येक गाडीचा गिअर वेगळा. एकीचा तिसरा जरा अलीकडे, दुसरीचा जरा पलीकडे. जुन्या गाड्यांत कधी दोन गिअरच्या मध्ये सगळं अडकून बसायचं. मग भर रस्त्यात बॉनेट उघडून हाताने सांधा सोडवायचा आणि मागचे हॉर्न ऐकत पुन्हा आत येऊन बसायचं. भाड्याची गाडी चालवणारा माणूस रोज सकाळी पहिल्या दहा मिनिटांत ती दांडी समजून घ्यायचा. मामू म्हणायचे, "गिअर ढकलायचा नसतो, त्याला विचारायचं असतं." पहिल्या गिअरला तर विचारूनही भागत नसे. त्याला सिंक्रोमेश नव्हतं, गाडी जवळजवळ थांबल्याशिवाय तो पडतच नसे. घाई केली की खाली दात खाल्ल्यासारखा आवाज यायचा.

आता मुंबईच्या एका दिवसाचा हिशेब करा. प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक भाड्याला डावा हात खांद्यापासून उचलून पुढे न्यायचा, ओढायचा, वर, खाली. खालच्या गिअरला हात मांडीजवळ असतो, कोपरातून हलतो. इथे काम सगळं खांद्याचं. असं पंचवीस-सव्वीस वर्षं.

१९९८ च्या उन्हाळ्यात मामूंचा डावा खांदा धरला. डॉक्टरांनी त्याला फ्रोझन शोल्डर म्हटलं आणि कारण मधुमेह सांगितलं. मामूंचं म्हणणं, साखर नसती तरी धंद्याने हेच दिलं असतं. कोण बरोबर ते मी ठरवणार नाही. एवढं खरं की जुलैपर्यंत त्यांचा हात छातीच्या वर जात नव्हता. नमाजला उभे राहून तकबीर बांधताना उजवा हात कानापर्यंत जायचा, डावा अर्ध्यातच थांबायचा. टॅक्सी दाराशी ताडपत्री घालून उभी होती.

त्याच महिन्यात एका रात्री नानींचा श्वास लागला. पाऊस असा की गल्लीत घोट्याएवढं पाणी. भिवंडीकरांना सांगायला नको: शहर एवढं मोठं, पण लोकलच्या मुख्य मार्गावर नाही, ठाण्याला जायचं तर रस्ताच. रिक्षावाले दोघे नाही म्हणाले. भाऊ नोकरीसाठी पुण्यात. मामू उठले, ताडपत्री ओढली, उजव्या हाताने स्टीअरिंग धरून बसले आणि मला म्हणाले, "ये, मध्ये बस."

मी सतरा वर्षांची, बारावीत. लायसन्स नाही, आणि जे केलं ते कायद्यात बसणारं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. अम्मी आणि नानी मागे. चोक ओढला, गाडी लागली. मामू "हं" म्हणाले आणि मी दांडी ओढून वर केली.

धामणकर नाक्यापर्यंत आम्ही दोनदा चुकलो. लहानपणचा खेळ वेगळा होता, रस्ता मोकळा असायचा. इथे समोर सुताचे गठ्ठे भरलेले ट्रक, काचेवर पाणी, आणि मला मामूंचा क्लचवरचा पाय दिसत नव्हता. अंजूर फाट्याच्या पुढे मला एक गोष्ट लक्षात आली: 'हं'ची वाट पाहायची गरज नाही. इंजिनचा आवाज उतरला की पाय जाणारच. तिथून पुढे मामू काही बोलले नाहीत आणि मीही नाही. काल्हेरपर्यंत तिसरा, मध्येच दुसरा, पुन्हा तिसरा. कशेळीच्या पुलावर ट्रकांची रांग लागली होती. पहिला, दुसरा, थांबा. पहिला, दुसरा, थांबा. एकदा मी घाई केली, पहिला ओरडला. मागून नानींचा बारीक आवाज आला, "हळू गं." श्वास लागलेल्या माणसाने एवढं बोलावं याचाच मला आनंद झाला.

कापूरबावडीला एका हवालदाराने टॉर्च आत मारला. स्टीअरिंग धरलेला म्हातारा आणि दांडी धरलेली मुलगी त्याने पाहिली, मग मागे नानींचा चेहरा पाहिला, आणि टॉर्चनेच पुढे जायची खूण केली.

नानी त्यानंतर चार वर्षं होत्या.

२००४ मध्ये नोकरी लागल्यावर मी रीतसर मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातलं. गाडी मारुती. पहिल्या दिवशी क्लच दाबला आणि माझा डावा हात आपोआप वर, स्टीअरिंगखाली गेला. तिथे फक्त वायपरची दांडी होती. कोरड्या काचेवर वायपर फिरायला लागला आणि शिकवणाऱ्याला वाटलं, बाईंना काहीच येत नाही. मी त्याला काही सांगितलं नाही.

मामूंची गाडी २००८ मध्ये गेली. त्या वर्षी पंचवीस वर्षांवरच्या टॅक्सी बंद करायचं ठरलं. परमिटवर नवी गाडी घ्यायची तर कर्ज, आणि खांदा पूर्ण सुटलाच नव्हता. ती भंगारात द्यायला मी त्यांच्याबरोबर गेले होते. जिथे दिली ते ठिकाणही कुर्लाच. जिथे गाडी जन्मली त्याच कुर्ल्यात शहरातला गाड्यांच्या भंगाराचा मोठा बाजार आहे, आणि कारखान्याच्या जागी इमारती उभ्या राहत होत्या. प्रीमियर रोड हे रस्त्याचं नाव तेवढं शिल्लक आहे. भंगारवाल्याने आधी मीटर काढला, मग सीएनजीचं सिलिंडर, मग दारं. स्टीअरिंगचा खांब दांडीसकट उपटून बाजूला टाकला. मामू पैसे मोजत होते, त्यांनी तिकडे पाहिलंही नाही.

मग ऑक्टोबर २०२३ आला. टॅक्सीचं वय आता वीस वर्षांवर आणलेलं, आणि टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची. ती वीस वर्षांची झाली आणि काळ्या-पिवळ्या पद्मिनींचा जमाना संपला. चॅनेलवाल्यांनी दोन दिवस तेच दाखवलं. हार घातलेली टॅक्सी, जुन्या सिनेमांतली दृश्यं, 'मुंबईची शान'. एक गोरा-गोमटा मुलगा गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून सांगत होता की असा आराम आजच्या गाड्यांत नाही. मला राग आला, आणि का आला ते नीट सांगता येत नव्हतं. मागच्या सीटवर आराम होताच की. पुढे कोण बसलं होतं, त्याच्याबद्दल दोन दिवसांत कोणी एक वाक्य बोललं नाही.

मामू शेजारीच बसून बघत होते. चहा संपवला, उजव्या हाताने कप खाली ठेवला आणि म्हणाले, "गॅसच्या पंपावर तीन-तीन तास रांग लागायची, ते नाही दाखवणार का?" मग रिमोट मागितला.