दाराला लावलेला दगड

सुपर फॉस्फेटचं पोतं आपल्यापैकी बऱ्याच जणांनी गावी पाहिलेलं असतं. पण त्यातलं फॉस्फेट येतं कुठून? तर चक्क दगडातून! 1842 साली जॉन बेनेट लॉज या इंग्रजाने गंधकाम्ल वापरून सुपर फॉस्फेट बनवण्याचं पेटंट घेतलं आणि पुढे जगभर या दगडाचा शोध सुरू झाला.

त्या शोधात सापडलेल्या एका बेटाची ही गोष्ट. नाउरू. पॅसिफिक महासागरातला जेमतेम 21 चौरस किलोमीटरचा ठिपका. तिथून आणलेला एक दगड सिडनीतल्या एका कंपनीच्या कचेरीत दार उघडं राहावं म्हणून लावून ठेवला होता. सगळे त्याला अश्मीभूत लाकूड समजत. अल्बर्ट एलिस या कर्मचाऱ्याला शंका आली, त्याने तो तपासला, आणि निघालं उत्तम प्रतीचं फॉस्फेट!

बेट तेव्हा जर्मनीच्या ताब्यात होतं. परवानगी मिळवून खाणकाम सुरू झालं आणि 1907 मध्ये पहिला माल बाहेर गेला. खाण उघडीच. झाडं तोडायची, वरची माती काढायची आणि प्रवाळाच्या चुनखडी सुळक्यांमधलं फॉस्फेट उकरून काढायचं. सुरुवातीला कुदळ-फावड्याने, पुढे यंत्रांनी. मागे उरायचे ते नुसते सुळके. तिथे ना शेत होणार, ना घर. जमिनीच्या मालकाला सुरुवातीला मिळत होता टनामागे अर्धा पेनी!

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या तीन सरकारांनी मिळून हा धंदा हातात घेतला. माल बाजारभावापेक्षा स्वस्तात नेला. फॉस्फरसची कमतरता असलेल्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या जमिनी त्यावर पिकल्या, कुरणं हिरवी झाली. म्हणजे बघा, एका बेटाची जमीन उचलून दुसऱ्यांच्या शेतात पसरली गेली.

मला सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट मात्र 1960 च्या दशकातली आहे. बेट राहण्याजोगं उरणार नाही हे दिसू लागल्यावर ऑस्ट्रेलियाने नाउरूच्या लोकांना क्वीन्सलंडजवळचं कर्टिस बेट देऊ केलं. जमीन मिळणार होती, नागरिकत्वही मिळणार होतं; स्वतःचं राज्य मात्र नाही. 1964 मध्ये त्यांनी नकार दिला. तिथे गेलो तर आपण 'नाउरूचे' उरणार नाही, हे त्यांना कळलं होतं. 31 जानेवारी 1968 ला देश स्वतंत्र झाला आणि 1970 मध्ये खाणीही त्यांच्या हाती आल्या.

मग पैसा आला. मेलबर्नमध्ये 52 मजली नाउरू हाऊस उभं राहिलं आणि कर्जापायी 2004 मध्ये विकावंही लागलं. खाण स्वतःची झाल्यावर खोदणं काही थांबलं नव्हतं, हेही खरंच. उधळपट्टी केली म्हणून त्यांना हसणारे पुष्कळ आहेत. पण नुसतं हसून कसं चालेल? ऑस्ट्रेलियाविरुद्ध ते 1989 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले आणि 1993 मध्ये 10 कोटी 70 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरवर तडजोड झाली. भरपाई मिळाली, जमीन नाही. मधलं पठार आजही बहुतांशी ओसाडच आहे.

खताच्या किमतीवर आपण नेहमी बोलतो. पण ज्याची जमीन पोत्यात भरून गेली, त्याचा हिशोब कोणत्या पावतीवर लिहायचा?

असो.