कमरेचं पिस्तूल: लंडन, मे १९८०

५ मे १९८०, सोमवारची संध्याकाळ. ब्रिटनमध्ये लोक टीव्हीवर स्नूकरची वर्ल्ड चॅम्पियनशिप फायनल बघत बसलेत. बीबीसीने मध्येच मॅच थांबवली आणि पडद्यावर आली लंडनमधली एक पांढरी इमारत. बाल्कनीत काळ्या कपड्यांतली, गॅस मास्क लावलेली माणसं. पाठोपाठ स्फोट.

ही इराणची वकिलात. ३० एप्रिलला सहा बंदूकधारी आत घुसले होते, २६ जण ओलीस. सहाव्या दिवशी त्यांनी एका ओलिसाला मारून मृतदेह दाराबाहेर टाकला, आणि सरकारने एसएएसला आत पाठवलं. १७ मिनिटांत सगळं संपलं.

फोटोत त्यांच्या हातात दिसते ती एमपी फाइव्ह, म्हणजे सबमशीनगन. पण आज बोलायचंय ते कमरेला लटकणाऱ्या ब्राउनिंग हाय-पॉवर पिस्तुलाबद्दल. एवढी भारी बंदूक हातात असताना पिस्तूल कशाला? कारण बंदूक अडकते. मैदानात आडोसा घेऊन ती नीट करता येते. धुराने भरलेल्या खोलीत, समोर चार पावलांवर माणूस असताना कसली नीट करताय? ती गळ्यातल्या पट्ट्यावर तशीच सोडायची आणि पिस्तूल उपसायचं. हीच सवय ते पुन्हा पुन्हा घोटवतात. त्या दिवशी एका जवानाची एमपी फाइव्ह खरंच ऐनवेळी बंद पडली आणि त्याने ब्राउनिंग काढलं, असं नंतरच्या वर्णनांत येतं.

हे पिस्तूल तेव्हासुद्धा जुनंच होतं बरं का. जॉन ब्राउनिंगने डिझाइन सुरू केलं, पण १९२६ मध्ये बेल्जियममध्ये एफएनच्या कारखान्यातच तो वारला. काम पूर्ण केलं दियदोने सेव्ह याने, आणि १९३५ मध्ये ते बाजारात आलं. मॅगझीनमध्ये १३ गोळ्या! त्या काळच्या बहुतेक पिस्तुलांत सात-आठच मावायच्या. मग युद्ध आलं, जर्मनांनी बेल्जियम घेतलं आणि तो कारखाना त्यांच्यासाठी हीच पिस्तुलं बनवू लागला. तिकडे कॅनडात टोरांटोची इंग्लिस कंपनी मित्रराष्ट्रांसाठी तेच बनवत होती. एकच पिस्तूल, दोन्ही बाजूंना! आपल्या इशापूर कारखान्यातलं नाइन एमएम वन-ए हेही याच घराण्यातलं.

पण मला विचाराल, तर त्या इमारतीतली खरी पिस्तुलाची गोष्ट एसएएसची नाहीच.

दारावर पहाऱ्याला होता पोलीस कॉन्स्टेबल ट्रेव्हर लॉक. पहिल्याच दिवशी तोही ओलीस झाला. त्याची झडती झाली, पण कोटाखालचं रिव्हॉल्व्हर कुणाला सापडलंच नाही. मग सहा दिवस या गड्याने अंगातला कोट काढला नाही. खाणंही अगदी मोजकं, कारण टॉयलेटला जायचं म्हणजे सोबत पहारेकरी येणार आणि रिव्हॉल्व्हर दिसणार. ते बाहेर काढून एक-दोघांना टिपता आलं असतं का? कदाचित. पण उरलेल्यांनी ओलिसांचं काय केलं असतं?

हल्ला सुरू झाला तेव्हा टोळीचा म्होरक्या एसएएसच्या एका जवानावर बंदूक रोखत होता. लॉकने त्याच्यावर झेप घेतली, दोघं झटापटीत खाली आले आणि तेव्हा कुठे ते रिव्हॉल्व्हर बाहेर निघालं. तेवढ्यात जवान आत शिरले, त्यांनी लॉकला बाजूला ओढलं आणि म्होरक्याला गोळ्या घातल्या.

लॉकला जॉर्ज मेडल मिळालं. त्याच्या रिव्हॉल्व्हरमधून एकही गोळी सुटली नव्हती.