डाळ की डाय? यंत्र उच्चार कसे शिकलं

अकोला-अमरावतीकडच्या खेड्यात 'डाळ' म्हणा, समोरचा 'डाय' म्हणेल. तसाच 'डोळा'चा 'डोया', 'पाणी'चं 'पानी', 'वीस'चं 'ईस'. आपल्याला अर्थ लगेच कळतो. यंत्राला कळतो का, हा आजचा विषय.

बोलणं ओळखणाऱ्या यंत्रणेत पूर्वीपासून एक उच्चारकोश असे: शब्द, आणि त्याच्यापुढे त्याचे ध्वनी. तो जाणकार माणसं हातानं लिहीत. 1984 साली आयबीएमच्या ल्युकासेन आणि मर्सर यांनी दाखवलं, की इंग्रजी स्पेलिंगवरून उच्चार काढायचे नियम यंत्र उदाहरणांतून स्वतः शिकू शकतं.

आपण म्हणू, मराठीला याची काय गरज? आपण लिहितो तसंच बोलतो ना! नाही. 'चार' आणि 'चाळ' यांतले दोन 'च' वेगळे, पण लिपी ते सांगत नाही. वऱ्हाडीत तर अंतर आणखी वाढतं. 1905 साली ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात वऱ्हाडीचे नमुने छापले गेले. पण ते कागदावर, वाचणाऱ्या माणसासाठी.

यंत्राला आवाज लागतो. शेतकऱ्यानं फोनवर बोलून बाजारभाव विचारावा, यासाठी केंद्र सरकारच्या मदतीनं सहा भारतीय भाषांत एक प्रकल्प झाला. मराठीचं काम आयआयटी मुंबई आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेकडे होतं. भाव अ‍ॅगमार्कनेटवरचे, आणि यंत्राला शिकवायला आवाज खुद्द शेतकऱ्यांचे, फोनवर नोंदवलेले. स्टुडिओतला शुद्ध आवाज इथं कामाचा नव्हता.

अशा आवाजांतून उच्चार शिकायची रीत साधी आहे. 'डाळ'चे दोन-तीन संभाव्य उच्चार यंत्रापुढे ठेवायचे, ध्वनिमुद्रणाशी ताडून बघायचे, आणि वारंवार जुळेल तो कोशात घ्यायचा. पण सरसकट सगळेच घेतले तर घोटाळा होतो. 'काळ'चा 'काय' झाला, की तो आपल्या नेहमीच्या 'काय'वर जाऊन आदळतो! म्हणून कोणता उच्चार किती वेळा येतो हे मोजावं लागतं, आजूबाजूचे शब्द बघावे लागतात.

आजच्या बऱ्याच यंत्रणांत वेगळा उच्चारकोश नसतोच. आवाजावरून थेट अक्षरं काढली जातात. तरी मूळ अट सुटलेली नाही. वऱ्हाडी माणसाचा आवाज नोंदवलाच नाही, तर 'डाय' कुठून शिकणार? मग यंत्राऐवजी शेतकऱ्यालाच आपली बोली बदलावी लागते. आम्हाला वाटतं, शिकायचं कोणी, हे आपण आधी ठरवावं.