बैलाचे पैके

दिवाळीचा पहिला दिवा गोठ्यात लागतो. वसुबारसेच्या संध्याकाळी गाय-वासराला ओवाळून झाले, की मग घरात फराळाची आणि आकाशकंदिलाची धांदल सुरू होते. परंतु ज्या दावणीपुढे हा दिवा ठेवायचा, त्या दावणीला जनावर आले कसे, त्याचे पैसे कोणी दिले आणि कोणत्या अटीवर दिले, हे सणासुदीला कोणी विचारीत नाही. आमच्या इतिहासाच्या पुस्तकांतही या प्रश्नाला फारशी जागा नाही. तिथे बैल येतो तो तोफा ओढायला, नाहीतर लमाणांच्या तांड्याबरोबर धान्य वाहायला. कुणब्याचा बैल प्रकरणाबाहेरच उभा असतो.

मी हिंगोली जिल्ह्यातला. कयाधू, पूर्णा आणि पैनगंगा या नद्यांचा हा मुलूख नामदेवांच्या नरसीमुळे आणि औंढ्याच्या नागनाथामुळे उभ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत तो निजामाच्या राज्यात होता. पुढे परभणी जिल्ह्याचा भाग म्हणून राहिला आणि 1 मे 1999 रोजी त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्ये बदलली, जिल्हे बदलले. पण मृगाच्या तोंडावर दावण रिकामी असली म्हणजे काय होते, ते मात्र बदलले नाही.

शेतकऱ्याच्या इतर गरजा थोड्याथोड्याने भागतात. बियाणे शेजाऱ्याकडून पायलीभर मिळते, औत सुताराकडून उधारीवर दुरुस्त होते. बैल मात्र पाव किंवा अर्धा मिळत नाही. त्याची सगळी किंमत एकदम मोजावी लागते, आणि तीही पावसाच्या आधी, म्हणजे घरातली कणगी आणि कनवटीचा पैसा ही दोन्ही तळाला गेलेली असतात त्या दिवसांत. शिवाय जोडीतला एक बैल गेला की दुसरा असून नसल्यासारखा. एकेक बैल असलेले दोघे सावड करून भागवतात खरे. परंतु वाफसा दोघांच्याही रानात एकाच दिवशी येतो, आणि ज्याची पाळी मागून, त्याची पेरणी मागे पडते. सावकाराचे खरे राज्य वर्षभर नसे. ते या आठ-पंधरा दिवसांचे असे.

ही अडचण नेमकी ओळखून लिहिलेला एक कागद आपल्याकडे आहे. तो आमच्या भागातला नाही. त्या काळी आमच्याकडे मोगलांचा अंमल होता. कागद कोकणातला आहे. 5 सप्टेंबर 1676 रोजी शिवाजी महाराजांनी मामले प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला लिहिलेले हे पत्र आहे. महाराजांच्या पत्रांतली लढायांची पत्रे आपण आवडीने वाचतो. मला विचाराल तर मी या पत्राला त्यांच्या वरचे आसन देईन.

पत्राचा आशय असा. सुभेदाराने गावोगाव फिरावे, कुणबी गोळा करावे, प्रत्येकाजवळ माणूसबळ किती आणि गुरेढोरे किती ते पाहावे. ज्याच्या अंगी शेत करण्याची कुवत आहे, पण बैल नाही, नांगर नाही, पोटाला दाणा नाही आणि त्यापायी जो अडून निकामी झाला आहे, त्याला दोन-चार बैलांचे पैसे रोख द्यावेत आणि खायला खंडी-दोन खंडी धान्य द्यावे. पुढे हे पैसे वसूल करताना वाढीदिडी लावू नये; नुसते मुद्दल, तेही त्याला ताकद येईल तसतसे हळूहळू घ्यावे. या कामी दोन लाख लारींपर्यंत खर्च झाला तरी तो मान्य असेल, असेही पत्रात आहे. लारी म्हणजे त्या काळचे चांदीचे नाणे.

यातल्या दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. एक, बैलाच्या पैशाबरोबर पोटाचे धान्यही दिले आहे. घरात दाणा नसेल तर नवा बैल पहिल्या महिन्यातच बाजार दाखवतो, हे लिहिणाऱ्याला पक्के ठाऊक होते. दुसरी, वसुलीचे वेळापत्रक खजिन्याच्या सोयीने न ठरवता कुणब्याच्या ताकदीने ठरवले आहे. अर्थात यात केवळ दयाबुद्धी नव्हती. पडीक जमीन लागवडीस आली तर सारा वाढतो, हा हिशेब त्याच पत्रात उघडपणे मांडलेला आहे. मला तो हिशेब खटकत नाही. ज्या मदतीत देणाऱ्याचाही स्वार्थ असतो, ती मदत पुष्कळदा अधिक टिकते.

इंग्रजी अमलात याच गोष्टीला कायद्याचे रूप मिळाले. 1876 ते 78 च्या भीषण दुष्काळाने दख्खन मोडून पडले होते. त्यानंतर 1883 साली जमीन सुधारण्याच्या कर्जाचा आणि 1884 साली शेतकऱ्यांच्या कर्जाचा, असे दोन कायदे झाले. बियाणे आणि जनावरे घेण्यासाठी सरकारने कर्ज द्यावे, असे दुसऱ्या कायद्यात शब्दशः म्हटले आहे. हीच लोकांच्या तोंडची तगाई. हे कायदे निजामाच्या राज्याला लागू नव्हते, तथापि तगाईची पद्धत तिथेही होती.

कायदा वाचताना चांगला वाटतो, पण मेख वसुलीच्या कलमात होती. तगाई थकली की ती जमीन महसुलाच्या बाकीसारखी वसूल करता येई, आणि गावातल्या अनेकांनी मिळून कर्ज घेतले असेल तर ते सर्व एकमेकांचे देणेदार ठरत. पीक आले काय आणि बुडाले काय, हप्त्याची तारीख तीच. माझे आजोबा तगाईला ‘सरकारी सावकारी’ म्हणत. मृगाआधी तगाईतून घेतलेला बैल फाल्गुनात तगाई भरण्यासाठीच विकला, ही गोष्ट त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली, की त्या बैलाच्या कपाळावरचा पांढरा टिळाही मला पाठ आहे. एका बाजूला सावकार होता. तो व्याज जबर घेई, पण रात्री दार ठोठावले तरी पैसे देई. दुसऱ्या बाजूला कचेरी होती. तिचे व्याज कमी, पण पैसे हाती येईपर्यंत पेरणी उलटून जाई.

हे केवळ आजोबांचे गाऱ्हाणे नव्हते. 1951-52 साली रिझर्व्ह बँकेने देशभर ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी करविली. तिचा अहवाल गोरवाला समितीने 1954 साली दिला. समितीत आपले धनंजयराव गाडगीळही होते. शेतकरी जितके कर्ज काढीत होता, त्यात सरकारचा वाटा शेकडा 3.3 आणि सहकारी संस्थांचा 3.1 निघाला. बाकीचे बहुतेक सावकाराचे आणि व्यापाऱ्याचे. रक्कम अपुरी, वाटप असमान, तारण गैरसोयीचे आणि वेळ चुकलेली, असा तगाईचा पंचनामाच त्या अहवालात आहे.

स्वराज्यात मग एक नवी कल्पना निघाली. पैसे दिले तर ते लग्नात, आजारपणात नाहीतर गुत्त्यात जातील, तेव्हा पैसे नकोतच, जनावरच द्यावे. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम 1978-79 मध्ये सुरू झाला आणि 2 ऑक्टोबर 1980 पासून देशातल्या सर्व गटांत पोहोचला. बँकेचे कर्ज आणि सरकारचे अनुदान मिळून गाय, म्हैस किंवा शेळ्या पदरात पडत. लहान शेतकऱ्याला किमतीच्या चौथा हिस्सा अनुदान, अत्यल्पभूधारकाला आणि मजुराला तिसरा हिस्सा. खरेदीला अधिकारी येत, बँकेचा माणूस येई, गुरांचा डॉक्टर येई. विमा उतरून जनावराच्या कानात बिल्ला ठोकला जाई. ज्याच्या दावणीला ते बांधायचे तोही हजर असे, पण घोळक्याच्या मागच्या बाजूला.

बाजाराचे म्हणून एक शास्त्र आहे. कापडाखाली बोटे धरून भाव ठरतो. जबडा उघडून दात पाहायचे, कास चाचपायची, चार पावले चालवून खुरांचा आवाज ऐकायचा. आमच्याकडे लाल कंधारी गाय ओळखणारी माणसे गावोगाव आहेत, आणि देवणीचा गोऱ्हा पुढे कसा बैल होईल हे सांगणारीही आहेत. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत ही विद्या आजही पाहावी. समितीच्या खरेदीत ही सारी विद्या बिनकामाची ठरली. परिणामी तीच म्हैस या लाभार्थ्याकडून त्या लाभार्थ्याकडे कागदोपत्री फिरत राहिल्याच्या तक्रारी देशभरातून आल्या. पुण्याच्या गोखले संस्थेचे नीलकंठ रथ यांनी 1985 साली या कार्यक्रमाची कठोर तपासणी केली. अशा साधनवाटपातून गरिबांचा थोडाच भाग वर येईल, बाकीच्यांना मजुरीचे काम हवे, असे त्यांचे म्हणणे होते.

त्यातून फार काही शिकलो असे दिसत नाही. 2006 साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली. हिंगोली त्यात नव्हती, पण आमच्या शिवेला लागून असलेले वाशीम आणि यवतमाळ होते. अर्ध्या किमतीत संकरित गायी वाटल्या गेल्या. पी. साईनाथ यांनी त्या गायींची कहाणी तेव्हाच लिहिली होती. ज्या घरांनी कधी दुभते जनावर पाळले नव्हते तिथे त्या गेल्या. हिरवा चारा नाही, पाणी नाही, दूध घ्यायला डेअरी नाही, आणि गाय घरातल्या सगळ्या माणसांहून अधिक खाते.

नुसती रोकडच हाती दिली तर? या प्रश्नाचे उत्तर जवळच, इंदूरच्या परिसरातल्या खेड्यांत शोधले गेले. 2011-12 मध्ये सेवा या महिलांच्या संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने आठ गावांत प्रत्येक माणसाला दरमहा रोख रक्कम दिली. मोठ्याला आधी 200 रुपये आणि नंतर 300, मुलाला त्याच्या निम्मे. काय घ्यावे याची अट नव्हती. पैसे न मिळालेल्या गावांशी तुलना केली, तेव्हा रोख मिळालेल्या गावांत जनावरे वाढलेली आढळली. केनियातल्या रारिएडा भागातही एका संस्थेने गरीब घरांना अशीच बिनशर्त रक्कम दिली होती. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातही जनावरांची संख्या वाढल्याचे दिसले, आणि दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचे दिसले नाही. गुत्त्याची भीती घालणाऱ्यांनी हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे.

आता आमच्या जिल्ह्यातही रोकड थेट खात्यात येते. 2019 पासून केंद्राचे वर्षाला 6000 रुपये, 2023 पासून राज्याचे तितकेच, आणि 2024 च्या जुलैपासून लाडक्या बहिणीचे महिना 1500. पहिली दोन सातबारा असलेल्यालाच मिळतात. ज्याला जनावराचा आधार सर्वांत जास्त लागतो तो भूमिहीन त्यातून बाहेर राहतो. बहिणींचे पैसे मात्र मजुराच्या घरीही पोहोचतात. चार-पाच हप्ते साठवून एखादी शेळी घेतल्याचे मी बायकांच्या तोंडून ऐकतो. शेळीच का? तर ती थोडक्या पैशात येते, बांधावरचे खाते आणि अडचणीला तिचा बोकड विकता येतो. 2015 च्या कायद्यानंतर म्हातारा बैल विकून नव्याची भर काढण्याचा जुना मार्गही बंद झाला, हेही कारण आहेच.

कृषी संजीवनी प्रकल्पात हिंगोली होती, आणि त्यात भूमिहीनांसाठी शेळीपालनही होते. पण त्या पद्धतीत शेळ्या आधी स्वतःच्या पैशाने घ्यायच्या, कागद चढवायचे, मग अनुदान खात्यात जमा होणार. 1676 च्या पत्रातला जो कुणबी अडून निकामी झाला आहे, त्याच्याजवळ आधी घालायला पैसेच नाहीत. तो पुन्हा सावकाराच्या नाहीतर बचत गटाच्या दारात उभा राहतो आणि अनुदान येईपर्यंतचे व्याज भरतो.

आणि चारा? सोयाबीन आले तशी आमच्याकडची ज्वारी हटली, आणि ज्वारीबरोबर कडबाही गेला. पूर्वी दारापुढे कडब्याची गंजी असे, आता पेंढी विकत आणावी लागते. महाराजांच्या पत्रात बैलाच्या पैशाला लागूनच खंडी-दोन खंडी धान्य आहे. आज तो कागद लिहायचा झाला तर धान्याशेजारी कडब्याचा आकडाही घालावा लागेल.